घोड्याची गाडी आणि गाडींतला घोडा

१८३६ सालच्या सप्टेंबर महिन्यांतील गोष्ट. इंग्लंडांत डॉंकास्टर येथें सेंट लेजर नांवाची मोठी शर्यत होणार होती. शर्यत तोंडावर आली, तरी एलिस नांवाचा घोडा दूर दक्षिणेस गुडवुडच्या तबेल्यांतच उभा होता. त्या काळीं शर्यतीचे घोडे पायींच चालवीत नेत. एवढ्या अंतरास पंधरवडा लागावयाचा. तेव्हां हा घोडा वेळेवर पोंचत नाहीं, असें पैज लावणारांनीं धरून ठेवलें. परंतु लॉर्ड जॉर्ज बेंटिंक यानें आंतून मऊ अस्तर लावलेली एक बंद गाडी मुद्दाम करवून घेतली होती. १८२९ च्या सतीबंदीच्या कायद्यामुळें आपणांस परिचित असलेल्या लॉर्ड विल्यम बेंटिंकचा हा पुतण्या. डाकेचे सहा घोडे जुंपून ती गाडी निघाली. एलिस ताजातवाना पोंचला आणि शर्यत जिंकला.

पुढें मोटार आली. १९१४ सालीं अमेरिकेंत डेट्रॉइट येथें ऑगस्ट फ्रूहॉफ नांवाच्या लोहारानें एका व्यापाऱ्याची नाव वाहून नेण्यासाठीं फोर्ड मोटारीमागें जोडावयाची गाडी बनविली. अशा गाड्या रूढ झाल्या, तसा घोडाही त्यांतून जाऊं लागला. ओढणारा बदलला, प्रश्न उरला तो जोडाचा.

आपला शेतकरी या प्रश्नाचें मर्म जाणतो. बैलगाडींत ओझें मागें अधिक पडलें, कीं गाडी उलाळ होते. जूं वर उचललें जाऊन बैलांच्या गळ्यास फांस बसतो. ओझें पुढें अधिक झालें, कीं तेंच जूं मानेवर चेपतें. मोटारीमागच्या गाडीचेंही असेंच आहे.

सर्वांत साधा जोड म्हणजे मोटारीच्या मागच्या टोकास बसविलेला पोलादी गोळा व त्यावर बसणारी वाटी. मागच्या गाडीच्या वजनाचा शेंकडा १० ते १५ हिस्सा या गोळ्यावर पडावा, असा नियम आहे. घोड्यांसह गाडी २,००० किलो भरली, तर हा भार २०० ते ३०० किलो. तो कमी पडला, तर वेगांत मागची गाडी शेपटीसारखी डोलूं लागते व मोटारीलाही आपल्याबरोबर खेंचते. अधिक पडला, तर मोटारीचीं पुढचीं चाकें हलकीं होतात आणि वळविणें हातीं राहत नाहीं.

याचें मूळ गोळ्याच्या जागेंत आहे. तो मागच्या आंसाच्याही मागें असल्यामुळें प्रत्येक हिसका तरफेप्रमाणें वाढून मोटारीस लागतो. म्हणून अधिक घोडे न्यावयाचे असतील, तर जोड ट्रकच्या उघड्या हौद्यांत, मागच्या आंसाच्या वर घेतात. मागच्या गाडीची दांडी हंसाच्या मानेसारखी वांकून तेथील गोळ्यावर बसते. तिला गूसनेक म्हणतात. हा जोड शेंकडा १५ ते २५ भार पेलतो व डोलणें पुष्कळ कमी करतो. याच जागीं बसणारा दुसरा प्रकार सपाट तबकडीचा. त्याचें नांव ‘पांचवें चाक’. हें नांव आलें घोडागाडीवरून! चारचाकी बग्गीचा पुढचा आंस ज्या आडव्या चकतीवर वळे, तिलाच पांचवें चाक म्हणत. घोड्याच्या गाडीचें चाक असें घोड्याला नेणाऱ्या गाडीच्या कामीं आलें.

मात्र जोड कोणताही असो, मोटार, गोळा, दांडी यांपैकीं जें सर्वांत कमकुवत, तीच खरी मर्यादा. जोडाखालीं फुलीसारख्या आडव्यातिडव्या घेतलेल्या सांखळ्या हव्यात. वाटी निसटली, तर दांडी त्यांवर झेलली जाते. कारण घोडा म्हणजे कांहीं धान्याचें पोतें नव्हे. तो सुमारें पांचशें किलोंचा सजीव भार आहे. वळण येतांच तो पाय रोंवतो आणि त्याबरोबर वजनही सरकतें. पुढचा रस्ता त्याला दिसत नाहीं. ज्या सांध्यावर त्याचा जीव अवलंबून आहे, तोही त्याला दिसत नाहीं. तो पाहणें हें गाडी हांकणाराचें काम. निघण्यापूर्वीं त्यानें एकदां खालीं वांकून तो हातानें चांचपावा, इतकेंच आजचें सांगणें.