पान लागलं

आमच्या देवगडकडे तिन्हीसांजेनंतर सापाचं नाव घेत नाहीत. ‘जनावर’ म्हणतात, आणि ते कुणाला चावलंच तर ‘पान लागलं’ म्हणतात. आत्याला पान लागलं १९६२ साली, काजूच्या बागेत पातेरा गोळा करताना. तेव्हा ती बारा वर्षांची होती. ही हकिकत तिच्या तोंडून मी इतक्या वेळा ऐकली आहे, की कुठल्या वाक्याला ती पदर सावरते तेही मला पाठ आहे.

पण ती सुरू होते लालबागेत.

आजोबांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते गिरणीत साचे चालवायचे. महायुद्धाच्या काळात विमानहल्ल्याच्या धास्तीने मुंबईत वस्त्यावस्त्यांतून ए.आर.पी.चे स्वयंसेवक तयार केले जात होते. पाळी सुटली की अण्णा चाळीतल्या चौघांना घेऊन प्रथमोपचाराच्या वर्गाला जायचे. तिकोनी पट्टी, मोडलेल्या हाताला झोळी, दोन बांबू नि दोन सदरे एवढ्यावर होणारी डोली. चौथी शिकलेल्या त्या माणसाने वर्गाची वही जन्मभर ट्रंकेत जपली.

१४ एप्रिल १९४४ला, शुक्रवारी दुपारी चारच्या पुढे, व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकाइन’ हे जहाज फुटलं. त्याच्या पोटात दारूगोळा होता, कापसाच्या गाठी होत्या. अर्ध्या तासात दुसरा स्फोट झाला. पेटत्या गाठी बंदरालगतच्या वस्त्यांवर येऊन पडल्या. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक जवान त्या दिवशी गेले. १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्यासाठी.

त्या जहाजावरच्या सोन्याच्या विटांच्या गोष्टी पुष्कळांनी सांगितल्या. अण्णा सांगायचे एका हमालाची. त्याच्या मांडीतून रक्ताची धार लागली होती. अण्णांनी स्वतःचं धोतर फाडून घडी केली, जखमेवर दाबली आणि गाडी येईपर्यंत दाबूनच धरली. “हात काढायचा नाही, एवढंच मास्तरांचं आठवत होतं,” असं म्हणताना त्यांचा उजवा पंजा आपोआप दुसऱ्या हातावर दाबला जायचा. तो हमाल पुढे जगला का, हे त्यांना कधीच कळलं नाही.

गिरणी सोडून गावी आल्यावर अण्णांनी एक नेम धरला. भातकापणी तोंडावर आली की वाडीतल्या पोरांना देवळापुढच्या मांडावर जमवायचं आणि वही उघडायची. त्याआधी पान लागलं की वाडी भगताकडे धावायची. दंशावर एकामागून एक कोंबड्या लावायच्या, मिरची चावायला देऊन तिखट लागते का विचारायचं. अण्णांच्या वहीत वेगळं होतं: चाव्याच्या वर दोरी आवळा, चीर द्या, पोटॅशियम परमँगनेट चोळा. त्या काळी वर्गांत हेच शिकवत. अण्णांनी ते तळमळीने वाडीला शिकवलं.

आत्याला चावलं ते फुरसं. आमच्या कातळावर, गडग्याच्या दगडांत, पातेऱ्याखाली ते मुरून बसलेलं असतं. अण्णांनी स्वतः सुंभाने पोटरी आवळली. चौघांनी डोली उचलली आणि सडा तुडवत, पाळीपाळीने खांदा बदलत रस्ता गाठला. दवाखान्यात पोचेपर्यंत नऊ तास गेले. वाटेत सुंभ कुणी सैल केलं नाही. अण्णांनी बांधलेलं कोण सोडणार? आत्या वाचली. डाव्या पायाची तीन बोटं काळी पडली, ती काढावी लागली. तिचं स्वतःचं म्हणणं एवढंच: “बोटां गेली म्हणान काय झाला? जीव रवलो मां.”

काही वर्षांपूर्वी तालुक्याला प्रथमोपचाराच्या शिबिरात बसलो होतो. डॉक्टरांनी काचेची कोरडी नळी दाखवली. फुरशाच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं; म्हणून नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं हलवायचं नाही, मग कलती करून पाहायची. पुढे ते म्हणाले, आवळून बांधू नका. खालचा रक्तपुरवठा तुटतो, विष तिथेच साचून मांस कुजवतं. पुढचं शिबिर मला नीट ऐकू आलं नाही. माझ्यासमोर आत्याचा पाय होता.

घरी येऊन तिला सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग भिंतीवरच्या अण्णांच्या तसबिरीकडे पाहून म्हणाली, “हळू बोल.”

अण्णांचं धावणं खरं होतं, चौघांचा खांदा खरा होता. चुकलं होतं ते वहीतलं एक पान, आणि दुरुस्त केलेलं पान घेऊन आमच्या वाडीत वर्षानुवर्षं कुणी आलं नाही. मला राग आहे तो याचा. मदतीला धावणारी माणसं कोकणात कधी कमी नव्हती. त्यांना पुन्हा पुन्हा शिकवायला हवं, कारण शास्त्र पुढे जातं आणि वही ट्रंकेत राहते. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. हे मृत्यू २०३०पर्यंत निम्म्यावर आणायचा राष्ट्रीय आराखडा २०२४ साली निघाला. तो वाडीपर्यंत पोचवायला कागद पुरणार नाही, माणसं लागतील.

आता मांडावर आम्ही शिकवतो ते थोडकं आहे. माणसाला धीर द्या, चालवू नका. पाय सुजायच्या आत जोडवी, पैंजण काढा. हात असेल तर अंगठी, बांगड्या. मोडलेल्या हाडाला बांधतो तशी फळी बांधा, पण घट्ट नको. चीर नाही, चोखणं नाही. १०८ला फोन करा; गाडी यायला वेळ असेल तर मिळेल त्या वाहनाने निघा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर लस एकच आहे आणि ती दवाखान्यातच मिळते, म्हणून साप मारून बरोबर न्यायची गरज नाही.

गेल्या खेपेला फळी बांधून दाखवायला कुणीतरी हवं होतं. पोरं एकमेकांना ढकलत होती. पुढच्या रांगेतून आत्या उठली, खुर्चीवर येऊन बसली आणि तिने डावा पाय पुढे केला. कापणीआधी आमचा वर्ग पुन्हा आहे. तुमच्या गावात होत नसेल तर तुमच्या आरोग्य केंद्रात जा आणि एका दुपारसाठी डॉक्टरांना मांडावर बोलावून आणा.