दिनविशेष : २१ जानेवारी

१९५२ : मुंबईत काळा घोडा येथे जहांगीर आर्ट गॅलरीचे उद्घाटन मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या हस्ते झाले. सर कावसजी जहांगीर यांनी दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ ती उभारून दिली. चित्रकार के. के. हेब्बर आणि डॉ. होमी भाभा यांचा त्यासाठी आग्रह होता.

मोठी गोष्ट ही, की येथे दलालाची ओळख लागत नाही. चित्रकार अर्ज करतो, निवड झाली की आठवडाभराचे भाडे भरून आपली चित्रे स्वतः मांडतो. बीड-अंबाजोगाईच्या शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा देऊन रंगांच्या नादी लागलेल्या मुलामुलींना म्हणूनच ‘जहांगीर’ आपले वाटते. प्रदर्शनासाठी नंबर लागायला मात्र वर्षे जातात. तोवर कित्येकजण बाहेरच्या फुटपाथवरच चित्रे मांडतात.