दिनविशेष : ५ एप्रिल
वालचंदांचे जहाज लंडनला निघाले

५ एप्रिल १९१९. ‘एस. एस. लॉयल्टी’ हे प्रवासी जहाज मुंबईहून लंडनच्या सफरीवर निघाले. सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभ्या केलेल्या सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे हे पहिले जहाज. पहिल्या महायुद्धात त्यावर जखमी सैनिकांवर उपचार होत. युद्ध संपताच ग्वाल्हेरच्या महाराजांकडून ते विकत घेण्यात आले.

ब्रिटिश कंपन्यांची मक्तेदारी असलेल्या सागरी मार्गांवर भारतीय मालकीची कंपनी उतरली, हे या सफरीचे मोल.

पुढे ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून सिंदियाची कोंडी केली, तरी वालचंद मागे हटले नाहीत. दुसऱ्यांची जहाजे चालवून भागणार नाही, ती आपल्याच देशात बांधली पाहिजेत, हे त्यांनी ओळखले. १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी झाली आणि १४ मार्च १९४८ रोजी तिथे बांधलेल्या ‘जलउषा’चे पंडित नेहरूंच्या हस्ते जलावतरण झाले. आज हिंदुस्तान शिपयार्ड म्हणून ओळखला जातो, तो हाच कारखाना.

वालचंदांनी हाती घेतलेले काम मात्र अजून अपुरे आहे. वजनाच्या हिशेबाने भारताचा सुमारे ९५ टक्के परदेशी व्यापार समुद्रमार्गे होतो, पण त्यातला बहुतांश माल आजही परदेशी जहाजांवर लादला जातो.

‘लॉयल्टी’च्या सफरीच्या स्मरणार्थ १९६४ पासून ५ एप्रिल हा दिवस ‘राष्ट्रीय सागरी दिन’ म्हणून पाळला जातो.