तबकडी ते नेटवर्क स्ट्रीमर : घरातल्या गाण्याचा इतिहास

इंदूरच्या जुन्या मराठी घरांत गाण्याचे एक कपाट असतेच. वरच्या कप्प्यात तबकड्या, मधल्यात कॅसेट, खाली सीडी आणि एखाद्या खणात कोणी तरी भरून दिलेला पेन ड्राइव्ह. आजोबांनी घेतलेले वर आणि नातवाने आणलेले खाली, असे हे घराण्याचे थर. आता त्या कपाटाशेजारी आणखी एक पेटी येऊ लागली आहे. तिला तबकडी लागत नाही, फीत लागत नाही. ती घरच्या वायफायवरून किंवा लॅनच्या तारेवरून गाणे ओढून घेते आणि ॲम्प्लिफायरला देते. तिचे नाव नेटवर्क स्ट्रीमर.

माझा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा असल्यामुळे ओळखीचे लोक विचारतात, "स्ट्रीमर कोणता घ्यावा? जुना बदलावा का? महागडी तार घातली तर आवाज सुधारतो का?" या प्रश्नांची उत्तरे दुकानदाराच्या माहितीपत्रकात नाहीत, ती इतिहासात आहेत. कारण घरात गाणे आणणारे प्रत्येक साधन काही देऊन गेले, तसे काही घेऊनही गेले.

तीन मिनिटांचा राग

नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे ध्वनिमुद्रित केले. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायकाने मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचे आणि त्या कंपनानेच सुई खाच पाडायची. या मुद्रणांच्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होऊन बोटीने परत येत. १९०८ मध्ये कलकत्त्याच्या सियालदह भागात कारखाना निघाला आणि तबकड्या इथेच होऊ लागल्या. विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण आले ते १९२५ नंतर.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. रात्र रात्र चालणारा राग त्या मापात बसवावा लागला. अब्दुल करीम खाँसाहेबांनी आणि बालगंधर्वांनी या तीन मिनिटांत काय उभे केले, हे आपल्या आधीच्या पिढ्यांना पाठ होते. पण ती मर्यादा यंत्राची होती, गायकाची नव्हे.

१९४८ मध्ये अमेरिकेत एलपी आली आणि एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक गाणे मावू लागले. आपल्या इंदूरचे उस्ताद अमीर खाँ यांची विलंबित लय कळायची तर एलपीच हवी. एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी असलेली त्यांची तबकडी आजही इथल्या अनेक घरांत जपलेली आहे. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले आणि १९४८ पासून देवासला राहिलेले कुमार गंधर्व तर आपले शेजारीच. त्यांचेही गाणे ऐकायला मैफिलीइतकाच आधार तबकडीचा होता.

फिलिप्सने १९६३ मध्ये कॅसेट आणली, आणि तिने वेगळीच गोष्ट केली. तबकडी फक्त ऐकता येत असे, कॅसेट भरताही येत असे. १९८० च्या दशकात भारतात टेपरेकॉर्डर घरोघरी पोहोचले. गणेशोत्सवातला नाट्यसंगीताचा कार्यक्रम, आजीची आरती, नातवाचे पहिले भाषण, सगळे फितीवर गेले. मोठ्या कंपनीच्या परवानगीवाचून आवाज जपण्याची सोय सामान्य माणसाच्या हाती प्रथमच आली.

गाणे संख्या झाले

ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानमध्ये पहिला सीडी प्लेअर विक्रीला आला. सीडीत ध्वनीची लाट सेकंदाला ४४,१०० वेळा मोजतात आणि प्रत्येक मोजमाप १६ बिटांत लिहितात. डावा-उजवा धरून सेकंदाला सुमारे १४ लाख ११ हजार बिट होतात. वरवर पाहता तबकडी लहान आणि चकचकीत झाली एवढेच. खरा बदल असा, की गाणे आता संख्या झाले होते. संख्या कुठेही लिहिता येते आणि कशावरूनही पाठवता येते. तिला तबकडीची गरज उरत नाही.

पण पाठवायचा रस्ता अरुंद होता. भारतात १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले ते टेलिफोनच्या तारेवर. त्या वाटेने सेकंदाला १४ लाख बिट जाणे शक्यच नव्हते. म्हणून कानाला सहसा न जाणवणारा भाग गाळून फाइल लहान करणारे तंत्र जगभर पसरले. 'एमपी३' हे नाव त्याला १९९५ मध्येच मिळाले. १२८ किलोबिटची एमपी३ म्हणजे मूळ सीडीच्या अकराव्या हिश्श्याएवढी. सोय झाली, पण तंबोऱ्याची आस आणि झांजेची किणकिण अशा बारीक जागा पातळ झाल्या. २००१ मध्ये 'फ्लॅक' हा प्रकार आला. तो फाइल बरीच लहान करतो, पण मूळची एकही संख्या गाळत नाही. घडी घातलेला कपडा उलगडला की होता तसाच निघतो, तसे.

एका पेटीची कहाणी

संगणकात गाणी साठली, पण चांगले स्पीकर दिवाणखान्यात आणि संगणक दुसऱ्या खोलीत, ही अडचण होतीच. ती सोडवली अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातील 'स्लिम डिव्हाइसेस' या छोट्या कंपनीने. २००१ मध्ये तिने 'स्लिम्प३' नावाची पेटी काढली. एका बाजूला नेटवर्कची तार, दुसऱ्या बाजूला ॲम्प्लिफायरची, समोर हिरवट अक्षरांची पट्टी आणि हातात रिमोट. पेटीत गाणी नव्हतीच. ती घरच्या संगणकावर असत आणि तिथला एक सर्व्हर प्रोग्राम ती पेटीला पुरवत असे. त्या प्रोग्रामची संहिता कंपनीने सर्वांसाठी खुली ठेवली होती. हा निर्णय पुढे फार मोलाचा ठरला.

२००३ मध्ये 'स्क्वीझबॉक्स' आला आणि तारेची जागा वायफायने घेतली. २००६ मध्ये लॉजिटेक या मोठ्या कंपनीने स्लिम डिव्हाइसेस विकत घेतली. पुढे रेडिओसारखा, टचस्क्रीनचा असे बरेच नमुने निघाले. मग २०१२ मध्ये लॉजिटेकने ही मालिकाच बंद केली. २०२४ च्या सुरुवातीला तिची इंटरनेटवरची सेवाही थांबली.

एरवी या पेट्या भंगारात गेल्या असत्या. तसे झाले नाही. सर्व्हर प्रोग्राम खुला असल्यामुळे जगभरच्या हौशी लोकांनी तो चालू ठेवला, सुधारला आणि २०२४ मध्ये त्याला 'लिरियन म्युझिक सर्व्हर' हे नवे नाव दिले. आज रास्पबेरी पाय या हाताच्या पंजाएवढ्या स्वस्त संगणकावर एक छोटा प्रोग्राम घातला, की तोच स्क्वीझबॉक्ससारखा वागतो. वीस वर्षांपूर्वीची पेटी आणि आज जोडलेला संगणक एकाच घरात, एकाच सुरात वाजतात.

याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवावे. गूगलने २०१५ मध्ये 'क्रोमकास्ट ऑडिओ' ही स्वस्त आणि चांगली चकती काढली, आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबवले. विकल्या गेलेल्या चकत्या चालू राहिल्या. मार्च २०२५ मध्ये मात्र कंपनीच्या एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली आणि अनेकांच्या चकत्या एकाएकी मुक्या झाल्या. काही दिवसांत दुरुस्ती आली, पण धडा मिळाला. घरातले यंत्र धडधाकट असूनही त्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात असू शकते.

गाणी पुरवणाऱ्या सेवांचेही तेच. आपल्याकडची 'विंक म्युझिक' २०२४ मध्ये बंद झाली. लोकांनी वर्षानुवर्षे जमवलेल्या याद्या म्हणजे भाड्याच्या घरातले फर्निचर ठरले.

मग आज काय बदलावे?

स्ट्रीमर दोन कामे करतो. एक, नेटवर्कवरून संख्या आणणे. दोन, त्या संख्यांची पुन्हा विजेची लाट करणे. दुसरे काम करणाऱ्या भागाला डॅक म्हणतात. ही दोन कामे वेगळी आहेत, हे लक्षात आले की निम्मा गोंधळ मिटतो.

पहिल्या कामात आवाजाचा दर्जा सहसा बिघडत नाही. गाण्याची फाइल छोट्या छोट्या पाकिटांत येते, प्रत्येक पाकीट तपासले जाते आणि खराब निघाले तर पुन्हा मागवले जाते. स्ट्रीमर काही सेकंदांचे गाणे आधीच साठवून ठेवतो आणि मग स्वतःच्या घड्याळाच्या ठेक्यावर वाजवतो. लॅनच्या प्रत्येक सॉकेटमागे छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, त्यामुळे राउटर आणि स्ट्रीमर विजेच्या दृष्टीने वेगळे राहतात. म्हणून हजारो रुपयांची 'खास संगीतासाठीची' लॅनची तार किंवा स्विच घेण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. साधी, धड तार पुरते. गाणे अडखळत असेल तर दोष बहुधा वायफायच्या पोहोचेत असतो. तिथे साधी तार टाकणे हाच सगळ्यात स्वस्त आणि खरा उपाय.

डॅकमध्ये फरक पडू शकतो, पण आजचे मध्यम किमतीचे डॅकही उत्तम असतात. कानाला सर्वांत मोठा फरक देतात ते स्पीकर आणि खोली. फरशी, काच आणि उघड्या भिंती यांच्या दिवाणखान्यात एक सतरंजी आणि जाड पडदे जे करतील ते नवा स्ट्रीमर करणार नाही.

आणखी दोन गोष्टी. फोनवरून ब्लूटूथने पाठवलेले गाणे वाटेत पुन्हा दाबले जाते. स्ट्रीमर मात्र गाणे स्वतः आणतो, फोन नुसता रिमोट. आणि घरात जुना ॲम्प्लिफायर असेल तर स्ट्रीमर 'ऑक्स'ला जोडावा, 'फोनो'ला नव्हे. 'फोनो'ची जागा तबकडीच्या सुईसाठी आहे. तिथला जोड क्षीण आवाज खूप वाढवतो आणि खर्जही फुगवतो. ॲम्प्लिफायर ठणठणीत असेल तर तो टाकू नये. तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे अनेक ॲम्प्लिफायर नव्या डॅकबरोबर झकास वाजतात.

थोडक्यात, बदल करायचा तर जो भाग लवकर म्हातारा होतो तो वेगळा आणि स्वस्त ठेवावा. स्ट्रीमर सात-आठ वर्षांत जुना होतो, स्पीकर तीस वर्षे टिकतो. आणि स्ट्रीमर घेताना एक प्रश्न जरूर विचारावा : कंपनी उद्या बंद झाली, इंटरनेट गेले, तरी माझ्या घरच्या डिस्कवरची गाणी हा वाजवेल का?

जे कोणत्याही सेवेवर नाही

हा प्रश्न आपल्यासाठी अधिक महत्त्वाचा आहे. बालगंधर्व आणि अमीर खाँ इंटरनेटवर मिळतील. पण रामबागेतल्या एखाद्या घरात १९८५ साली भरलेली कॅसेट, ज्यात मंडळाच्या कार्यक्रमातली हौशी गायिका आहे, मागे लहान मुलांचा गलका आहे आणि माळव्याच्या हेलातली मराठी बोलणारे निवेदक आहेत, ती जगातल्या कोणत्याही सेवेवर नाही. तिची प्रत एकच, आणि ती फितीवर. फितीचा लेप सुटतो, आतली दाबपट्टी निखळते, भादव्यातल्या दमटपणात बुरशी धरते. टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारे हातही कमी होत चालले आहेत.

काम अवघड नाही. चालू स्थितीतला एक चांगला टेपडेक, त्याचे हेड स्पिरिटने पुसलेले, आणि संगणकाला जोडायचा छोटा ऑडिओ इंटरफेस. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटांत भरले तर ९० मिनिटांची कॅसेट सुमारे दीड जीबी होते. शंभर कॅसेट म्हणजे दीडशे जीबी. साध्या हार्ड डिस्कचा एक कोपरा. नंतर फ्लॅक करून तीन प्रती ठेवाव्यात, त्यातली एक दुसऱ्या घरी. आणि सर्वांत महत्त्वाचे, फाइलच्या नावात कोण, कुठे, केव्हा हे लिहावे. आवाज ओळखणारी माणसे आज आपल्यात आहेत. दहा वर्षांनी फाइल असेल, पण आवाज कोणाचा हे सांगणारे कोणी नसेल.

तेव्हा या गणेशोत्सवात एक विनंती. अनंत चतुर्दशीच्या झांक्या पाहायला नातेवाईक घरी येतील, तेव्हा कॅसेटचा डबा खाली काढा. कोणती फीत कशाची आहे हे ज्येष्ठांना विचारून प्रत्येकीवर पेन्सिलने लिहा. पुढचे तांत्रिक काम करणारे दोघे-चौघे आपल्या मंडळात सहज निघतील, मी त्यांत आहेच.