डोळ्यांतील दाह, काचबिंदु आणि शस्त्र

१९३९ सालीं परचुरे शास्त्री सेवाग्रामास आले आणि गांधीजींनीं स्वतः त्यांची शुश्रूषा केली, ही हकीकत बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. वर्ध्याजवळ दत्तपुर येथें मनोहरजी दिवाण यांचें कुष्ठसेवेचें काम त्यापूर्वींच, १९३६ पासून, चालू होतें. कुष्ठरोग म्हटला कीं आपल्यापुढें झडलेलीं बोटें येतात. त्या रोगानें डोळ्यांतही दाह होतो, आणि त्या दाहामागून कधीं कधीं काचबिंदु येतो, हें फार थोड्यांच्या ध्यानांत असतें.

दाह आधीं व ताण मागून, हा क्रम मात्र जुना आहे. सुश्रुत उत्तरतंत्रांत अभिष्यंदापासून अधिमंथाची उत्पत्ति सांगतो, आणि उपेक्षा झाल्यास कफज अधिमंथ सात, वातज सहा व रक्तज पांच रात्रींत दृष्टि घालवितो, पित्तज तर तत्काळ, अशी मुदतही देतो. अधिमंथ म्हणजेच काचबिंदु असें सरसकट म्हणणें आम्हांस धाडसाचें वाटतें. प्रत्येक नवा शोध पोथींत सांपडण्याची आपली खोड कांहीं स्तुत्य नव्हे.

डोळ्याच्या आंत स्वच्छ पाणी सतत झरतें व तितकेंच बाहेर निघून जातें. बुबुळाचा रंगीत पडदा सुजला म्हणजे मागच्या भिंगास चिकटतो, बाहुलीची वाट बंद होते, पाणी मागें तुंबतें, आणि पडदा शिडासारखा फुगून निचऱ्याचा कोपराही बुजवितो. दाब वाढून दृष्टितंतु मेला कीं तो पुन्हां जगत नाहीं.

बर्लिनच्या आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यानें १८५६ त असल्या जुनाट दाहावर या पडद्याचा तुकडा कापून काढण्याचा उपाय सुचविला; पुढच्याच वर्षीं त्यानें तोच काचबिंदूवर जाहीर केला. म्हणजे काचबिंदूचें हें शस्त्र दाहाच्याच घरीं जन्मलें! पुढें १९०९ त मद्रासेस एलियटनें डोळ्याच्या भिंतीस वाटोळें छिद्र पाडून पाण्यास नवी वाट दिली, आणि १९६८ त केंब्रिजच्या केर्न्सनें तीच वाट पातळ झांकणाखालून नेली. परंतु दाहानें पोळलेल्या डोळ्यांत ही वाट लवकर बुजते. एरवीं जखम भरली म्हणजे वैद्यास आनंद होतो. येथें जखम भरणें हाच त्याचा पराभव. म्हणून वण धरूं न देणारें मायटोमायसिन आलें, मोल्टेनोनें १९६९ त नळी बसविली, आणि शस्त्राआधीं दाह शांत करण्याचा दंडक पडला. दाह शमविणारीं स्टेरॉइडें कांहीं रोग्यांत स्वतःच दाब वाढवितात, ही त्यांतली आणखी एक अडचण.

सेवाग्रामास १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेव्हां शस्त्रासाठीं फार दूर जावें लागतें असें नाहीं. अडचण निराळी आहे. कुष्ठांतील हा दाह पुष्कळदां मंद असतो, आणि बधिर झालेला डोळा ठणकत नाहीं. मग रोगी आपण होऊन दवाखान्यांत येणार कसा? १९५१ त स्थापन झालेल्या गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशननें डॉ. वर्देकरांच्या नेतृत्वाखालीं खेड्यांत घरोघर जाऊन अंगावरचे चट्टे शोधण्याची पद्धत पाडली. चट्टा पाहतांना बॅटरीच्या उजेडांत दोन्ही बाहुल्याही पाहाव्या. त्यास मिनिटापेक्षां अधिक वेळ लागत नाहीं.