तिरंगी टोमॅटो आणि पांढरी पेटुनिया

मे २०२०. लॉकडाऊन, घरून काम, आणि अकोल्याहून मामाचा फोन. (नगर जिल्ह्यातलं अकोले हो, विदर्भातलं अकोला नव्हे!)

"टमाटे पिकनात रं. निम्मा पिवळा, निम्मा हिरवा. व्यापारी हात लावीना."

अकोले-संगमनेर भागात तेव्हा बऱ्याच शेतांत हेच चाललं होतं. त्याचं नावही पडलं, 'तिरंगा व्हायरस'. बंगळुरूला नमुने तपासल्यावर इतर विषाणूंबरोबर काकडीचा मोझॅक विषाणू निघाला. माणसाला त्याचा काही अपाय नाही, पण अफवा बाजारात आधी पोचली होती.

मामाचा प्रश्न साधा होता. "झाडाला रोगाशी भांडता येत नाही का?"

येतं की! पण ते नीट उलगडायला एका फुलाने शास्त्रज्ञांना गंडवावं लागलं. १९९० साली अमेरिकेत रिचर्ड जॉर्गेनसन आणि मंडळींनी जांभळ्या पेटुनियात रंगाच्या जनुकाची जादा प्रत घातली. अपेक्षा होती गडद जांभळ्या फुलांची. आली काय, तर कित्येक झाडांना पांढरी नाहीतर चट्टेपट्टेरी फुलं! जादा प्रत गप्प, आणि सोबत मूळचीही गप्प.

जनुक ही मास्टर कॉपी, ती जागची हलत नाही. कामावर जाते तिची नक्कल, म्हणजे मेसेंजर आरएनए. पेटुनियात जनुकं शाबूत होती, नकलाच गायब होत होत्या. कोण करतं गायब? १९९९ मध्ये इंग्लंडमध्ये हॅमिल्टन आणि बॉल्कम यांना वनस्पतीत जेमतेम २५ अक्षरांचे आरएनएचे तुकडे सापडले. दुपदरी आरएनए दिसला की पेशी त्याचे असे तुकडे करते, आणि तुकड्याशी जुळणारी नक्कल शोधून कापत सुटते. थोडक्यात, ग्रेप मारून डिलीट! विषाणूचा आरएनएही यातून सुटत नाही, आणि काकडीच्या मोझॅकचा अख्खा जीनोम आरएनएच आहे.

मग टोमॅटो हरला कसा? या विषाणूकडे टू-बी नावाचं एक प्रथिन आहे. ते ही कात्रीच अडकवतं, हे १९९८ मध्येच दिसलं होतं. शिवाय झाड स्वतःच्या नकलांनाही अशाच तुकड्यांनी लगाम घालतं. तिथेही गोंधळ उडतो, पानं वेडीवाकडी होतात त्यात त्याचाही हात असतो.

मामाने सगळं ऐकून घेतलं बिचाऱ्याने. मग म्हणाला, "औषध?"

लागलेल्या झाडाला औषध नाही. हा विषाणू मावा पसरवतो, म्हणून मावा आवरायचा आणि रोगट झाड उपटायचं.

"म्हंजे उपटायचंच ना," म्हणाला, आणि फोन ठेवला. आठवडाभरात अर्धा एकर उपटून झाला होता.