कानाची तपासणी : शब्द कोणत्या भाषेतले?

कानाची तपासणी म्हणजे हेडफोन लावायचा आणि ‘बीप’ ऐकू आली की बटण दाबायचे, एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. त्यातून किती लहान आवाज ऐकू येतो ते कळते. पण घरातल्या ज्येष्ठांची तक्रार वेगळी असते : “ऐकू येतंय गं, पण काय म्हणतेस ते कळंना.” ती मोजण्यासाठी शब्दांची तपासणी असते.

आधी ओळखीचे शब्द लहान लहान आवाजात ऐकवतात आणि निम्मे बरोबर सांगता येतात ती पातळी शोधतात. 500, 1000 आणि 2000 हर्ट्झच्या ‘बीप’च्या सरासरीशी ती साधारण जुळायला हवी. मग आरामात ऐकू येईल अशा आवाजात बहुधा 25 शब्द देतात. प्रत्येक बरोबर शब्दाला 4 टक्के. श्रवणयंत्राने बोलणे कितपत कळेल, याचा अंदाज त्यावरून बांधतात.

अशा याद्या आधी अमेरिकेत झाल्या. सेंट लुईसच्या संस्थेने 1952 मध्ये प्रसिद्ध केलेल्या 36 शब्दांत ‘बेसबॉल’, ‘हॉटडॉग’, ‘काउबॉय’ आहेत. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत आयुष्य गेलेल्या आजींना ‘हॉटडॉग’ ऐकवून काय मोजणार?

नुसते भाषांतरही चालत नाही. मैसूरच्या वाक्-श्रवण संस्थेत (स्थापना 1965) 2005 साली कन्नड यादी तयार झाली. कन्नडमध्ये शब्द बहुधा स्वरान्त आणि एकापेक्षा अधिक अक्षरांचे, म्हणून तिच्यात दोन अक्षरी शब्द घेतले. मराठीत घर, भात, फळ असे शब्द भरपूर. लिहिताना दोन अक्षरे, उच्चारात एकच. शिवाय पळ-फळ, दार-धार, वेल-वेळ यांतला फरक कानाला टिपता यायला हवा. ‘चार’मधला च वेगळा, ‘चाक’मधला वेगळा. हे ध्वनी रोजच्या बोलण्यात जितके येतात त्या प्रमाणात यादीत हवेत. शब्द नातवालाही माहीत हवेत आणि आजीलाही. एका स्पष्ट आवाजात ध्वनिमुद्रण करून यादी आधी चांगले ऐकू येणाऱ्या मराठी माणसांवर तपासावी लागते. त्यांनाच जो शब्द अडतो तो गाळायचा.

बेळगावात ही गोष्ट पुस्तकी नाही. वडगाव-शहापूरच्या यंत्रमागांच्या खडखडाटाने कान बिघडला तर घसरण बहुधा 4000 हर्ट्झच्या आसपास सुरू होते. स्वर ऐकू येतात. स, श किंवा प-फ यांतला फरक निसटतो. तो शब्दांच्या तपासणीत सापडतो. पण यादी परक्या भाषेतली असेल, किंवा मराठी न येणाऱ्याने समोर बसून वाचली असेल, तर गुण कमी पडतात आणि अहवालात दोष कानाच्या नावावर लागतो. घरी मराठी आणि शाळेत कन्नड किंवा इंग्रजी असलेल्या मुलांबाबत तर अधिक जपायला हवे. लहानग्यांना शब्द ऐकवून चित्रावर बोट ठेवायला सांगतात. त्या चित्राला घरात काय म्हणतात ते आईने आधीच सांगावे.

तपासणीला जाताना घरी कोणती भाषा बोलतो ते सांगा. शब्द कोणत्या भाषेतले होते, ध्वनिमुद्रित होते की तोंडी, हे अहवालावर लिहून मागा. वर्षाने पुन्हा जाल तेव्हा जुना अहवाल न्या आणि त्याच भाषेत, त्याच पद्धतीने तपासणी करून घ्या. नाहीतर 80 टक्क्यांचे 60 झाले ते कानामुळे की यादीमुळे, हे डॉक्टरांनाही सांगता येणार नाही.